मेनचा हॅलयार्ड अखेर बदलला

गेल्या मोसमात वारा वाढला की आमच्या शिडाच्या होडीच्या मेनच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या, पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडायच्या. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, कितीही ताणला तरी अर्ध्या तासात पुन्हा तेच. मी शीड जुनं झालं म्हणून धरून बसलो होतो. दोष दोराचा होता. ‘पॉलिएस्टरच आहे’ म्हणून दुकानातून आणलेला दोर नायलॉनचा निघाला. नांगराच्या दोराला नायलॉनचा ताण हवाच, लाटेचा हिसका तो पोटात घेतो. हॅलयार्डला मात्र तो मुळीच नको.

जुना दोर काढून गॅलरीत पसरला आणि टोकापासून बोटांनी चाचपत गेलो. शॅकलपासून (दोर शिडाला जोडणाऱ्या कडीपासून) हातभर अंतरावर कव्हर लोकरीसारखं फुललेलं, आणि आतला गाभा चिमटीत चपटा लागला. शीड पूर्ण चढलं की नेमकी हीच जागा डोलकाठीच्या टोकावरच्या चाकावर येते, दर वेळी तीच. मालवणला आमचे काका होडीचा दोर पीळ उलगडून आत बघायचे. आपल्या विणलेल्या दोराचं पोट असं दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा.

नवा घेतला ८ मिमीचा, आत डायनीमा (एक अतिशय मजबूत कृत्रिम धागा), वर पॉलिएस्टरचं कव्हर. नुसता डायनीमा मोहात पाडतो: पाण्यावर तरंगतो, ताणत जवळजवळ नाही. पण तो निसरडा, साधी गाठ धरत नाही, आणि १५० अंशांच्या आसपास वितळतो. कव्हर असलं की क्लचला, म्हणजे ताणलेला दोर दाबून धरणाऱ्या खटक्याला, पकड मिळते. लांबी मुद्दाम एक मीटर जास्त घेतली. दर मोसमाला शॅकलकडचे २० सेंटिमीटर कापून टोक नव्याने बांधणार, म्हणजे चाकावरची जागा सरकत राहील. माझ्या मते हॅलयार्डचं आयुष्य वाढवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

जिबच्या (पुढच्या शिडाच्या) शीट, म्हणजे ते शीड ओढून धरायचे दोर, पॉलिएस्टरच्या, त्या ठेवल्या. कडक झाल्या होत्या, कारण सुकलेल्या मिठाचे कण आत राहून धागे घासतात. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, रात्रभर बादलीत. सकाळी पाणी चहासारखं! तीन पाणी बदलली, ब्लीच अजिबात नाही, सावलीत वाळवल्या. आता विंचवर (दोर गुंडाळून ओढायच्या चरख्यावर) मऊ बसतात.

जुना काढताना त्याच्या जागी डोलकाठीत एक साधी दोरी ओवून ठेवली होती. नवा दोर ओढताना तिच्या टोकाला टोक भिडवून शिवला, एकावर एक ठेवला नाही. मेणाच्या दोऱ्याचे चार टाके, वर निमुळती टेप. मित्र खालून सोडत होता, मी ओढत होतो. चाकापाशी अडकला. जोर न करता दोन हात मागे घेतला, पुन्हा ओढला, आला.

स्पिनेकरचा (मागून वारा असताना लावायच्या फुगीर शिडाचा) हॅलयार्ड अजून तपासायचा आहे. त्याचंही शॅकलकडचं टोक आधी बघणार.