गोड भूतकाळ

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी तिसरीत शिकणारी नात आहे आणि तिच्या शाळेत सध्या इंग्रजीचा साधा भूतकाळ चालू आहे. परवा तिने ‘आम्ही काल सराफ्यात गेलो’ या वाक्याचे भाषांतर करताना ‘गो’ला ‘एड’ जोडून चक्क ‘गोड’ केले. रात्री सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्यावर ज्या सराफ्यात जिलेबी आणि रबडी मिळते, तिथे जाणे गोडच असणार, हे मला मान्य होते. वहीतल्या लाल फुलीला मात्र ते मान्य नव्हते.

खरे तर ही चूक नियम न पाळल्यामुळे झालेली नव्हती, तो फार इमानाने पाळल्यामुळे झाली होती. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, ती मुलेही लहानपणी असेच ‘गोड’ म्हणतात. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन अभ्यासिकेने मुलांना ‘रिक’ असे मनाने रचलेले क्रियापद देऊन त्याचा भूतकाळ विचारला, तेव्हा मुले ‘रिक्ट’ म्हणाली. जो शब्द कधी कानावर पडला नव्हता, त्याचाही भूतकाळ त्यांना येत होता.

मग ‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले? ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’ने तो उसना घेतला आणि परत केलाच नाही. हे सांगताना मी इंग्रजीवर थोडे तोंडसुख घेतले. नातीने शांतपणे विचारले, “आजोबा, मग आपण ‘जालो’ का नाही म्हणत?” मी निरुत्तर झालो. ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूवरून आणि ‘गेलो’ आला ‘गम्’वरून, म्हणजे आपलाही भूतकाळ शेजारच्या घरचाच, आणि आमच्या गल्लीतल्या हिंदीतही ‘जाना’, ‘गया’ अशी तीच गत.

आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले, असे ताटाकडे पाहून क्रियापद बदलण्याचा व्याप इंग्रजीत नाही; सगळ्यांना एक ‘एट’ पुरतो. मात्र नकार आला की ‘डिड’ पुढे होऊन भूतकाळाचे सगळे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि मागचे क्रियापद मूळ रूपात मोकळे चालते. एवढ्या कष्टाने पाठ केलेला ‘वेंट’ ‘डिड नॉट’नंतर टाकून द्यायचा, हे नातीला अन्यायाचे वाटते, आणि मलाही.

तेवढ्यात तिच्या आजीने पोहे खायला हाक मारली. “आले, आले!” असे नात ओरडली आणि वहीवरची मानसुद्धा तिने वर केली नाही. जो अजून जागचा उठलेलाही नाही, तो येऊन पोहोचल्याचे सांगणारा हा आमचा साधा भूतकाळ! इंग्रजीत इथे ‘केम’ चालत नाही, ‘कमिंग’ म्हणावे लागते, हे तिला समजावू लागलो, तर आजीची दुसरी हाक माझ्यासाठी आली. “आलोच,” असे म्हणून मी पुढचे वाक्य तपासायला घेतले.