डोंबिवली ते बंगळुरू, पावसाळ्यातली रविवारची रात्र

जुलैमध्ये आठ दिवस आईकडे डोंबिवलीला राहून मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा बंगळुरूला परत निघालो. विमान रात्री 9.10 चं, टर्मिनल 2 वरून. सुटलं 2.50 ला. पावसाळ्यात मुंबईहून परतणाऱ्यांसाठी, त्यातही लहान मूल किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील त्यांच्यासाठी, हे सगळं लिहून ठेवते आहे. यातलं निम्मं जरी मला आधी माहीत असतं, तरी लेकराचे एवढे हाल झाले नसते.

विमानतळापर्यंतचा प्रवास मात्र छान झाला. टॅक्सी केली असती तर शिळफाट्यालाच अडकलो असतो. त्याऐवजी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो 3 पकडली की पुढचंच स्टेशन टर्मिनल 2. पावणेदोन तासांत पोचलो. लोकल चालू असेल तर हाच मार्ग धरा. पश्चिम उपनगरांतून येणार असाल तर जोराच्या पावसात अंधेरी सबवेच्या भरवशावर निघू नका, तो पाणी भरलं की बंद करतात.

बॅगा देऊन वळले आणि बोर्डावर 10.30 ची वेळ आली. इथे माझं चुकलं. बॅगा देण्याआधी आमचं विमान आहे कुठे, हे बघायला हवं होतं. रांगेतल्या एका काकांनी फोनवर फ्लाइटरडार24 उघडून दाखवलं. जे विमान आम्हाला नेणार होतं, ते मुंबईवर घिरट्या घालून अहमदाबादकडे वळलं होतं. म्हणजे 10.30 अशक्यच. तिकडे इंधन भरणार, मुंबईत उतरायची परवानगी मिळणार, मग माणसं उतरणार, सफाई होणार. हे घरी कळलं असतं तर जेवून निघालो असतो. बॅग एकदा आत गेली की ती परत मिळवणं हा वेगळाच खटाटोप असतो.

मुंबईतच हे इतकं का होतं, तेही काकांनीच समजावलं. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसात नीट दिसेनासं झालं की दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि रांग मागे सरकत जाते. शिवाय एकच विमान दिवसभर चार-पाच फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळपासूनचा उशीर साठत साठत रात्रीच्या प्रवाशांच्या वाट्याला येतो.

10.30 चे 11.45 झाले, मग 1.15. एव्हाना विमान येऊन समोर उभं होतं, काचेवरून पाण्याच्या धारा वाहत होत्या, आणि आता कळलं की वैमानिकांची ड्युटीची वेळ संपली, दुसरे येताहेत. कामाच्या तासांची मर्यादा सुरक्षेसाठीच आहे, ती पाळलीच पाहिजे. पण हे आम्हाला विचारल्याशिवाय कुणी सांगितलं नाही, याचा मला खरंच राग आला. समोर एक आजी व्हीलचेअरवर तीन तास बसून होत्या.

म्हणून नियम माहीत असू द्या. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला की खाणंपिणं कंपनीने द्यायचं. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यानच्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेलची सोय. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई मागता येत नाही. म्हणूनच कारण नेमकं काय नोंदवलंय ते विचारा आणि उशिराचा दाखला लेखी घ्या. मी मागितल्यावर काउंटरवर पाकिटं आली, सँडविच आणि ज्यूस. आधी आजींना नेऊन दिलं. आम्हाला उशीर झाला पाच तास चाळीस मिनिटं, सहाच्या आतच. कंटाळून स्वतःहून तिकीट मात्र रद्द करू नका, रद्द करण्याचे पैसे कापले जातात. तक्रार एअरसेवा या सरकारी पोर्टलवर करता येते. बोर्डाचे फोटो आणि आलेले मेसेज जपून ठेवा.

खरं तारून नेलं ते वहिनीच्या डब्याने. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी. पुऱ्या गार झाल्या तरी मऊ होत्या, ओव्याचा वास डबा उघडताच पसरला. चार शेजाऱ्यांना वाटूनही उरल्या. पोराचा स्वेटर मी चेक-इन बॅगेत टाकला होता. एसीत तो कुडकुडला, शेवटी माझ्या ओढणीत गुंडाळून खुर्च्यांवर झोपवला. स्वेटर, औषधं, चार्जर, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा.

आणखी एक. प्रत्येक नव्या वेळेला आईला फोन करत राहिले, त्यामुळे तीही दोनपर्यंत जागी. आता ठरवलंय, रात्री दहानंतर फक्त दादाला मेसेज.

गणपतीला पुन्हा जायचंय. परतीचं तिकीट सकाळी सातचं काढलंय. त्यासाठी पहाटे निघावं लागतं तेव्हा मेट्रो नसते, पण रस्ते मोकळे असतात, आणि विमान बहुधा रात्रीपासून मुंबईतच उभं असतं. दादा पहाटे तीनला गाडी काढतो म्हणालाय.