ग्रीन बे : गावानं धरून ठेवलेला संघ

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ३२ संघ आहेत. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, डॅलस अशी नावं वाचता वाचता मध्येच ग्रीन बे येतं. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या १,०७,३९५ भरली, म्हणजे आपल्या इचलकरंजीच्या निम्मीसुद्धा नाही. आणि गावातल्या लॅम्बो फील्ड या स्टेडियममध्ये बसायच्या जागा आहेत ८१,४४१. लहान गावातला व्यावसायिक संघ आज ना उद्या मोठ्या शहरात जातो, हा अमेरिकेतला जुना अनुभव आहे. ग्रीन बेचा संघ म्हणजे पॅकर्स. ते मात्र १९१९ पासून इथेच आहेत. ते जाता जाता कितीदा राहिले आणि कशामुळे राहिले, हे त्या त्या जागी उभं राहून पाहायचं म्हणून आम्ही तीन दिवस काढले.

शिकागोहून ग्रीन बे साधारण ३३० किलोमीटर आहे. आय-९४ नं मिलवॉकी आणि तिथून आय-४३ धरून सरळ उत्तरेला, गाडीनं साडेतीन तास. ग्रीन बेला प्रवासी रेल्वे जात नाही. ॲमट्रॅकनं मिलवॉकीला उतरून पुढे बस धरावी लागते. ग्रीन बेचा ऑस्टिन स्ट्रॉबेल विमानतळ लहान आहे. मिलवॉकीला उतरून गाडी भाड्यानं घेतली तर विमानांचे पर्याय बरेच जास्त मिळतात, आणि वाटेत मिलवॉकी पाहून होतं. ते चुकवू नयेच, कारण संघ गेला असता तर आधी तिथेच गेला असता.

मिलवॉकीच्या बेसबॉल स्टेडियमच्या वाहनतळाला लागून हेल्फेअर फील्ड नावाचं लहान मुलांचं बेसबॉल मैदान आहे. जुनं काउंटी स्टेडियम इथे होतं, २००१ मध्ये पाडलं. ते १९५३ मध्ये बांधून झालं तेव्हा पॅकर्सचं घरचं मैदान म्हणजे ग्रीन बेमधलं लाकडी बाकांचं २५,००० जागांचं सिटी स्टेडियम होतं. पॅकर्स १९३३ पासून घरचे काही सामने मिलवॉकीत खेळत होतेच. पाहुण्या संघाला तिकीटविक्रीतला वाटा मिळत असे, त्यामुळे लहान मैदानावर खेळायला कोणी खुशीनं येत नसे. नवं मैदान बांधा, नाहीतर मिलवॉकीला जा, असा लीगमधला सूर होता.

पण काउंटी स्टेडियम मुळात बेसबॉलचं. फुटबॉलचं मैदान त्यात जेमतेम मावायचं, इतकं की दोन्ही संघांचे बाक एकाच बाजूला मांडावे लागत. तरी पॅकर्स १९९४ पर्यंत तिथे खेळले. लॅम्बो फील्डवर जागा जास्त झाल्या, काचेच्या खासगी बॉक्समधून उत्पन्न येऊ लागलं आणि मिलवॉकीतला प्रत्येक सामना तोट्याचा वाटू लागला, तेव्हा तिथला मुक्काम संपला. मिलवॉकीच्या तिकीटधारकांना मात्र वाऱ्यावर सोडलं नाही. नियमित हंगामातला घरचा दुसरा आणि पाचवा सामना आजही त्यांचा असतो. त्याला गोल्ड पॅकेज म्हणतात, ग्रीन बेवाल्यांचं ते ग्रीन पॅकेज. दुसऱ्या गावाचा हक्क असा लिहून ठेवल्यानं मिलवॉकीही संघ सांभाळणाऱ्यांत राहिलं, वैरी झालं नाही. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

ग्रीन बेमध्ये पोचल्यावर सगळे थेट लॅम्बोकडे वळतात. आधी गावाच्या पूर्वेला ईस्ट हायस्कूलच्या मागे जावं. जुनं सिटी स्टेडियम इथे होतं, १९२५ ते १९५६. आज तिथे शाळेचे सामने होतात. पॅकर्स शाळेच्याच खोल्यांमध्ये कपडे बदलत आणि पाहुणे संघ बऱ्याचदा हॉटेलातूनच तयार होऊन येत. गावभर पॅकर्स हेरिटेज ट्रेलच्या ब्राँझच्या पाट्या लावल्या आहेत. गावाच्या मध्यातल्या पाट्या चालत होतात, बाकीच्यांना गाडी लागते. जिथे जिथे पैसे गोळा झाले, सभा झाल्या, त्या जागा यामुळे सापडतात.

त्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट १९५६ ची. नव्या मैदानासाठी ९,६०,००० डॉलरचे रोखे काढायचे, निम्मा भार संघानं उचलायचा, असा प्रस्ताव मतदानाला आला. मतदानाच्या तीन दिवस आधीच्या सभेत पाठिंबा द्यायला जॉर्ज हॅलस आले. हॅलस म्हणजे शिकागो बेअर्सचे मालक आणि अनेक वर्षं प्रशिक्षक राहिलेले, ग्रीन बेचे हाडवैरी. त्यांचा स्वतःचा संघही एका लहान गावातला, डिकेटरचा. १९२१ मध्ये ते तो शिकागोला घेऊन गेले होते. त्या माणसानं ग्रीन बेच्या लोकांना सांगितलं की मैदान बांधा आणि संघ राखा. ३ एप्रिल १९५६ ला ११,५७५ मतं बाजूनं पडली, ४,८९३ विरोधात. २९ सप्टेंबर १९५७ ला नव्या मैदानावर पहिला सामना झाला, बेअर्सशीच, आणि पॅकर्स २१-१७ नं जिंकले. १९६५ मध्ये संघाचे संस्थापक आणि जुने प्रशिक्षक कर्ली लॅम्बो वारले, तेव्हा मैदानाला त्यांचं नाव दिलं.

लॅम्बो फील्डचा पत्ता १२६५ लोम्बार्डी ॲव्हेन्यू. सामना नसेल त्या दिवशी जाणं उत्तम, कारण तेव्हा आतली सफर करता येते. लहान-मोठ्या कालावधीच्या सफरी असतात. ज्या सफरीत खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानाच्या कडेपर्यंत नेतात तीच घ्यावी. बोगद्याच्या फरशीत जुन्या काँक्रीटचा एक तुकडा बसवलेला आहे. रंग आजूबाजूच्या फरशीपेक्षा वेगळा, पृष्ठभाग खडबडीत, कडा विटांच्या. नूतनीकरणात जुना बोगदा गेला, पण ज्या काँक्रीटवरून १९६० च्या दशकातले खेळाडू धावत बाहेर आले तेवढं कापून इथे आणलं. सफरीतले लोक त्यावरून चालताना आपोआप गप्प होतात. आम्हीही झालो.

आता मालकीचं. पॅकर्सला मालक एक नाही, ५,३८,००० हून अधिक आहेत. आतापर्यंत सहा वेळा शेअर विकले गेले: १९२३ मध्ये ५ डॉलरला एक, १९३५ मध्ये, १९५० मध्ये २५ डॉलरला, १९९७ मध्ये २०० ला, २०११ मध्ये २५० ला आणि २०२१ मध्ये ३०० ला. १९३५ ची विक्री एका अपघातामुळे करावी लागली. एक प्रेक्षक बाकांवरून पडला, त्यानं दावा लावला, ५,००० डॉलर भरपाईचा निकाल लागला आणि विमा कंपनीच बुडालेली निघाली. संघ न्यायालयाच्या ताब्यात गेला. गावानं १५,००० डॉलर उभे करून तो सोडवला.

साखर कारखान्याचा शेअर ज्यांच्या घरात आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल, पण फरक आहे. कारखान्याच्या सभासदाचा ऊस जातो, सवलतीची साखर येते, मत माणशी एक असतं. पॅकर्सच्या शेअरवर लाभांश नाही, त्याची किंमत वाढत नाही, बाजारात विकता येत नाही, फक्त जवळच्या नातेवाइकाला देता येतो. तिकिटात प्राधान्यही नाही. मत शेअरमागे एक आहे, पण दोन लाखांपेक्षा जास्त शेअर कोणालाही ठेवता येत नाहीत, म्हणून संघ एका हातात जाऊ शकत नाही. भागधारक संचालक निवडतात आणि संचालकांतून सात जणांची कार्यकारी समिती होते. त्या सातांत पगार फक्त अध्यक्षाला. दर उन्हाळ्यात, बहुधा जुलैत, भागधारकांची सभा लॅम्बो फील्डवरच भरते आणि लोक घड्या घातलेले अहवाल हातात धरून बाकांवर बसतात. नवे शेअर नेहमी मिळत नाहीत, विक्री जाहीर झाली तरच.

खरी कळ १९२३ च्या नियमावलीत आहे. संघ विकला तर देणी भागवून उरलेले सगळे पैसे सलिव्हन-वॉलन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेला जातील आणि त्यातून सैनिकांचं स्मारक बांधलं जाईल, असं त्यात लिहिलं. भागधारकांना दमडी नाही. म्हणजे बाहेरच्यानं कितीही मोठी बोली लावली तरी विकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, मग विकेल कोण? १९९७ मध्ये लाभार्थी बदलून पॅकर्स फाउंडेशन केलं, तत्त्व तेच ठेवलं. लीगच्या आताच्या नियमांत अशी सार्वजनिक मालकी बसत नाही. पॅकर्स जुने म्हणून त्यांना सूट आहे, दुसऱ्या गावाला हा मार्ग बंद आहे. पुण्याच्या वाचकांना बालेवाडी आठवेल. २०१४ पासून तिथे खेळणारा एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ २०१९ मध्ये बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. प्रेक्षकांच्या हातात थांबवायला काहीच नव्हतं.

नुसती मालकीही पुरली नसती. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा केला, त्यामुळे लीगला सगळ्या संघांच्या वतीनं टीव्हीचे हक्क एकत्र विकता आले, आणि ते पैसे समान वाटले जातात. न्यूयॉर्कला जेवढे तेवढेच ग्रीन बेला. पॅकर्स दरवर्षी हिशेब जाहीर करतात, म्हणून आकडा कळतो: मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात लीगकडून ४३.२६ कोटी डॉलर आले आणि एकूण उत्पन्न ७१.९ कोटी होतं. उरलेलं तिकिटं, बॉक्स, दुकान, जाहिराती यातून. इथेच लहान गाव मागे पडतं, म्हणून संघ राखीव निधी साठवतो. अडीअडचणीला खिशात हात घालणारा धनाढ्य मालक त्यांच्याकडे नाही. शेअरचे पैसेही खेळाडूंच्या पगाराला वापरता येत नाहीत, बांधकामालाच.

सामना पाहायचा असेल तर हंगामी तिकिटाची आशा सोडा, प्रतीक्षायादीत १,४०,००० हून जास्त नावं आहेत. पुनर्विक्रीतून घ्यावं लागतं, आणि तिकीट फक्त मोबाइलवर येतं. डिसेंबर-जानेवारीत इथेच घोटाळा होतो. थंडीनं बॅटरी अचानक मान टाकते, प्रवेशद्वारावर नेटवर्कही अडखळतं. घरून निघतानाच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या आणि फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. बॅग पारदर्शक हवी, १२ × ६ × १२ इंचांपेक्षा मोठी नको.

बसायला बहुतेक ठिकाणी पाठ नसलेली ॲल्युमिनियमची बाकं आहेत, प्रत्येक जागेच्या आकड्याला सुमारे १८ इंच. जाड जॅकेट घातलेली माणसं एवढ्यात बसत नाहीत, म्हणून लवकर जाऊन आपली जागा धरावी. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते: काँक्रीट तळव्यांतली ऊब ओढून घेतं, ॲल्युमिनियम मांड्यांतली. पुठ्ठ्याचा जाड तुकडा पायाखाली ठेवा, हा तिथल्या जुन्या लोकांचा उपाय आणि तो खरोखर लागू पडतो. लोकरीचे मोजे एकच जोड घाला. दोन घालून बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात. हातमोजे पाच बोटांचे नकोत, एकत्र बोटांचे घ्या. त्यांत गरम होणाऱ्या पुड्या टाकायच्या त्या आधी उघडून ठेवाव्यात, त्यांना तापायला हवा आणि वेळ दोन्ही लागतं.

मैदानाच्या मातीखाली नळ्या आहेत, त्यांतून गरम द्रव फिरतो. १९६७ मध्ये विजेच्या तारा होत्या. त्या वर्षी ३१ डिसेंबरला उणे २५ अंश सेल्सिअसला वरची ताडपत्री काढली आणि खाली साठलेली वाफ गोठून गवताचं काचेसारखं बर्फ झालं.

गाडी लावायला आसपासच्या घरांची अंगणं भाड्यानं मिळतात. रोख द्यायची तयारी ठेवा आणि आधी विचारून घ्या की मागे दुसरी गाडी लावणार का. अडकलात तर शेवटचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. सामन्याच्या आठवड्यात गावात खोली मिळणं कठीण, ५० किलोमीटरवरच्या ॲपलटनला सहसा मिळते. शाकाहारी असाल तर तळलेले चीज कर्ड्स आहेत. गरम असतानाच खावेत, थंडीत पाच मिनिटांत रबर होतात.

तिसऱ्या दिवशी हायवे ५७ नं ईशान्येला सुमारे २७ किलोमीटरवर रॉकवुड लॉजच्या जागी गेलो. आता तिथे काउंटीचं उद्यान आहे, खाली ग्रीन बे याच नावाच्या खाडीचं पाणी. १९४६ मध्ये लॅम्बोंनी खेळाडूंच्या राहण्या-सरावासाठी ही इमारत ३२,००० डॉलरला घेतली. गावातल्या संचालकांना ती उधळपट्टी वाटली, सराव गावाबाहेर गेल्यानं लोकही तुटले. १९४९ च्या अखेरीस तिजोरी इतकी रिकामी होती की थँक्सगिव्हिंगच्या दिवशी खेळाडूंनी आपापसांत सामना खेळून जवळपास ५०,००० डॉलर जमवले. बाहेरच्या गुंतवणूकदारांना घेऊन संघ नफ्यावर चालवावा, असं लॅम्बोंचं म्हणणं होतं. तसं झालं असतं तर संघ ग्रीन बेमध्ये राहण्याचं काही कारण उरलं नसतं. २४ जानेवारी १९५० ला लॉज जळालं. विम्याचे पैसे आले. आठवड्याभरानं, १ फेब्रुवारीला, लॅम्बोंनी राजीनामा दिला आणि ते शिकागो कार्डिनल्सकडे गेले. मग गावानं २५ डॉलरचे शेअर विकायला काढले, एका माणसाला २०० च्या वर नाही, आणि १,१८,००० डॉलर गोळा झाले.