रिपोर्ट गप्प केला म्हणजे बग गेला असं नाही

केएमसॅन म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) किंमत न भरताच वापरलेली मेमरी पकडणारं टूल. त्याचा 'अनइनिट व्हॅल्यू' रिपोर्ट आला की बऱ्याच जणांचा हात आधी व्हेरिएबलच्या डिक्लेरेशनवर जातो. इक्वल टू झीरो टाकलं, रिपोर्ट गायब, पॅच तयार. मला हे पटत नाही, निदान यूएसबी ड्रायव्हरमध्ये तरी.

लिनक्समधला आसिक्स ड्रायव्हर घ्या, यूएसबी-इथरनेट डोंगलवाला. त्यात एक छोटं फंक्शन डिव्हाइसकडून एक बाइट वाचतं, त्यातला होस्ट एनेबलचा बिट लागलाय का बघतं, नसेल तर परत, असं 30 वेळा. आता गोची अशी की वाचल्यावर रिटर्न मिळतं ते किती बाइट आले त्याचं, निगेटिव्ह फक्त एरर असेल तरच, म्हणजे डिव्हाइसने काहीच नाही पाठवलं तर रिटर्न शून्य, एरर नाही, आणि आपण जो बिट तपासतोय तो स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) आधीच्या कुणीतरी सोडलेला कचरा! डिसेंबर 2021 मध्ये फिक्स आला, बाइट कमी आले तर ते वाचन धरायचंच नाही. पण तिसाव्या फेरीलाही शून्यच आलं तर फंक्शन तेच शून्य परत करणार, आणि शून्य म्हणजे कर्नलमध्ये 'सगळं ओके'. मग दुसरा पॅच, 30 फेऱ्या संपल्या की सरळ टाइमआउट एरर. नुसतं झीरो टाकून सोडलं असतं तर मुका डिव्हाइस कायम पास झाला असता, आणि रिपोर्टही नसता.

नवीन कोड लिहिताय तर लिनक्स कर्नल 5.10 पासून यूएसबी कंट्रोल मेसेजचं रिसीव्हवालं फंक्शन आहे, ते अर्धवट डेटाला एररच मानतं, तेच वापरा ना.

स्ट्रक्ट (अनेक फील्डचा गठ्ठा) युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमला, कॉपी करताना मात्र उलटं. एक बाइटच्या फील्डनंतर चार बाइटचं फील्ड आलं की मध्ये साधारण तीन बाइट पॅडिंग (कंपायलरने सोडलेली रिकामी जागा), त्यात कर्नलची जुनी मेमरी, आणि फील्ड एकेक करून कितीही नीट भरा, ती बाहेर जातेच. तिथे आधी मेमसेटने सगळा स्ट्रक्ट शून्य, वाद नको.

आणि हो, कंपायलरने सगळा स्टॅक आपोआप शून्य करायचा ऑप्शन आहे, प्रॉडक्शनला चांगलाच आहे. पण केएमसॅन चालू असताना कॉन्फिगमध्ये तो निवडताच येत नाही, आणि बरोबरच आहे, सगळं आधीच शून्य केलं तर केएमसॅन शोधणार काय?