दिवेलागणीची तक्रार

त्या घराची तक्रार ऑक्टोबरमध्ये पाचव्यांदा माझ्या यादीत आली. आधीच्या चारपैकी दोन मीच बंद केल्या होत्या आणि शेरा मारला होता, 'पॉवर ओके, स्पीड ओके, फॉल्ट नाही.'

मी गुहागर तालुक्यात घरोघरी फायबरचं नेट देणाऱ्या एका छोट्या ऑपरेटरकडे लाइनचं काम करतो. शृंगारतळीहून सकाळी मोटरसायकलवर निघायचं, पाठीवर बॅग, बॅगेत पॉवर मीटर, फायबर कापायचा क्लीव्हर, लेझर पेन, दोन-चार पॅच कॉर्ड, म्हणजे फायबरच्याच छोट्या जोडवायरी. इकडे केबल रस्त्याने कमी आणि माड-पोफळींवरून जास्त जाते. वानरं तिच्यावर झोके घेतात, खारी कुरतडतात, पावसाळ्यात फांदी पडते. असा फॉल्ट सोपा असतो. घरातल्या नेटच्या डब्यावर लाल लाइट लुकलुकतो, नेट पूर्ण बंद पडतं, तुटलेली जागा शोधायची, जोड मारायचा, घरी जायचं. कठीण असतं ते 'स्लो'. नेट चालू आहे, पण चालत नाही. यात निम्म्या वेळा माणसाला काय होतंय ते नीट सांगता येत नाही, आणि निम्म्या वेळा आम्ही नीट ऐकत नाही.

ते घर जुनं, कौलारू, जांभ्या दगडाचं. भिंती हातभर रुंद. आजी, आजोबा आणि त्यांची नात. आजोबांना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. नात पुण्यात एका कंपनीत कामाला होती, ती घरून काम मागून गावी येऊन राहिली. तिच्या कंपनीचं गिऱ्हाईक परदेशातलं, त्यामुळे तिच्या मिटिंगा संध्याकाळी साडेपाच ते नऊ. आणि तिची तक्रार एकच होती: "दादा, दिवसभर छान चालतं. संध्याकाळी बोलता बोलता माझा आवाज तुटतो, चित्र गोठतं."

पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीकडे बोट दाखवून मोकळा झालो होतो. जांभ्याची भिंत वायफाय खाते, हे खोटं नाही. त्यातही ५ गिगाहर्ट्झची लाट वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर दमते, २.४ ची पलीकडे पोचते पण वेग कमी. मी सांगितलं, "ताई, डब्याजवळ बसत जा." ती बसली. शिवाय स्वतःच्या पैशाने लॅन केबल आणून लॅपटॉप थेट डब्याला जोडला. म्हणजे वायफायचा प्रश्नच मिटला. तरी तक्रार तीच. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पॉवर, म्हणजे केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, मायनस २०, म्हणजे छान. वायरवर स्पीड ९५ एमबीपीएस, प्लॅन १०० चा. मी म्हणालो, "संध्याकाळी सगळा गाव घरी येतो, सगळे एकदम बघायला लागतात, तेव्हा थोडं होणारच." ऑफिसातूनही तिला हेच सांगितलं गेलं होतं. आमच्या तिथल्या स्क्रीनवर त्या क्षणाचा आकडा दिसतो, आणि तिची तक्रार उघडली जायची ती नेहमी सकाळी.

पाचव्यांदा जाताना मनात खरं तर एवढंच होतं की तिला समजावून यायचं. फोनवर ती म्हणाली होती, "सोमवारपर्यंत नेट सुधारलं नाही तर मला पुण्याला परत बोलावलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

चार वाजता पोचलो. बाहेर हळवं भात कापून पडलं होतं. पॉवर बघितला, मायनस २०.४. स्पीड ९५. नेहमीचंच. मी काही बोलायच्या आत तिने एक वही पुढे केली. शाळेतली दोनशे पानी, एका बाजूला रेघ मारलेली. तारीख, बिघडल्याची वेळ, तेव्हाचा स्पीड, कधी सुधारलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून रोजचं.

वही चाळताना आधी मी स्पीडचेच आकडे बघत होतो. ४, ३, ११, २. मग वेळांवर नजर गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला ७:०५, ७:०५, ७:००. सप्टेंबरच्या सुरुवातीला ६:५०. मधल्या आठवड्यात ६:४०. ऑक्टोबर लागला तेव्हा ६:२५. आदल्या दिवशीची नोंद ६:१५. पानं उलटत गेलो तशी वेळ अलीकडे अलीकडे सरकत होती.

मी पडवीच्या पायरीवर बसलोच. गावाची गर्दी घड्याळाने चालते. मालिका आठला म्हणजे आठला, मग दिवस मोठा असो की छोटा. ही तक्रार घड्याळाने चालत नव्हती. ती सूर्याबरोबर मावळत होती.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट होती. गणपतीचे पाच दिवस, गौरी-गणपती जाईपर्यंत, तिने रोज तारीख लिहून पुढे 'ठीक' लिहिलं होतं. मी विचारलं, "तेव्हा घरी किती माणसं होती?" "पंधरा-सोळा. मुंबईहून सगळे आले होते." पंधरा माणसं, पंधरा फोन, मुलं रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघत बसलेली, आणि त्या पाच दिवसांत नेट उत्तम! गर्दीने नेट मंदावतं हे मी तिला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि तिने ते खोटं असल्याचा पुरावा दीड महिन्यापूर्वीच लिहून ठेवला होता.

मला एक वाचलेली हकीकत आठवली. ब्रिटनमध्ये वेल्समधलं अबेरहोसन नावाचं खेडं. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता अख्ख्या गावाचं नेट कोसळायचं. केबल बदलून झाली, काही उपयोग नाही. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर पहाटे सहाला यंत्र घेऊन भर पावसात गावभर फिरले, आणि एका घरातला जुना टीव्ही सापडला. तो सातला चालू झाला की त्याच्यातून निघणारी विद्युत गडबड गावाच्या नेटमध्ये शिरायची. पण तिथे तांब्याची तार होती. आपल्याकडे काच, फायबर म्हणजे काचेचाच बारीक धागा. काचेतून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे टीव्ही, पंप, इन्व्हर्टर यांनी काचेला काही होत नाही. डब्याला मात्र वीज लागते. म्हणून अडॅप्टर मल्टीमीटरने तपासला, १२.१ व्होल्ट. तोही निर्दोष.

"ताई, मी आज थांबतो," म्हणालो. ऑफिसला फोन करून उरलेल्या दोन घरांना उद्याची वेळ द्यायला सांगितलं. पलीकडून कुरकुर झाली, पण मी ठाम राहिलो. त्या वहीनंतर मला उठवलंच नसतं.

फोनवर डब्याचं पान उघडलं. त्यात आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. मायनस वीसच्या आसपास असेल तर छान, पंचवीस चालतं, सत्तावीसच्या पुढे डबा चाचपडायला लागतो, आणि दर तीन डीबीला, म्हणजे हा आकडा तीनने खाली गेला की, प्रकाश निम्मा होतो. पान दर थोड्या वेळाने ताजं करत बसलो. शेजारी लॅपटॉपवर नातीने पिंग चालू ठेवलं, म्हणजे सतत छोटी पाकिटं पाठवायची आणि उत्तर येतं का बघायचं. आजीने चहा आणून दिला, वर "जेवूनच जा हां आता" असंही सांगून गेली.

सहा वाजले. आजीने देवाजवळ दिवा लावला. मायनस २०.४. पडवीतला बल्ब लावला. २०.४. माजघरात टीव्ही लागला. २०.४. पलीकडच्या बागेतला पंप बंद झाला, तरी आकडा जागचा हलला नाही. नात माझ्याकडे बघत होती आणि मी आकड्याकडे.

मग आजी आजोबांच्या खोलीत गेली. त्यांची खाट खिडकीला लागून. तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली, खिडकीचं दार ओढून घेतलं आणि अडसर सरकवला. खट्.

मी पान ताजं केलं. मायनस २७.९.

"गेलं," नात म्हणाली. पिंगमधली पाकिटं गळायला लागली होती, शंभरात चौदा-पंधरा.

"आजी, ती खिडकी जरा उघडा."

"अरे, डास येतील रे."

"एक मिनिटच."

तिने उघडली. २०.५. "आता लावा." २७.८. तीनदा केलं. तिसऱ्यांदा आजीही फोनच्या पडद्याकडे वाकून बघत होती.

बाहेरून येणारी काळी केबल पडवीतल्या छोट्या पेटीत संपते. तिथून आत डब्यापर्यंत पिवळी पॅच कॉर्ड, आणि ती खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून आत घेतलेली. दोन वर्षांपूर्वी जोडणी देताना जांभ्याला भोक पाडायला आजीने नको म्हटलं होतं, सासऱ्यांनी स्वतः रचलेली भिंत ती. म्हणून खिडकीतून कॉर्ड. फटीत ती आरामात बसायची. मग आषाढात वाऱ्याने खिडकी रात्रभर आपटायला लागली, आणि आजीने सुताराला बोलावून नवा अडसर बसवून घेतला. पूर्वी दार दोरीने बांधायचे, ते सैल राहायचं. नव्या अडसराने ते चौकटीत घट्ट दाबलं जातं. पावसाने लाकूडही फुगलेलं. कोपऱ्यातली कॉर्ड त्यात चिमटली जात होती.

डब्यातून कॉर्ड काढली, पेटीकडचं टोकही सोडवलं आणि पेटीकडून लेझर पेन लावला. या पेनचा लाल प्रकाश काचेतून धावतो, आणि काच जिथे जास्त वाकली असेल तिथे बाहेर सांडतो. दिवसा बारीक गळती नजरेतून सुटते. तेव्हा अंधारून आलं होतं. आजीने अडसर लावला आणि चौकटीच्या कोपऱ्यात, लाकडाच्या कडेला, पिवळ्या वेष्टनातून एक लाल ठिपका पेटला. निखाऱ्याएवढा. अडसर काढला की फिका पडायचा, लावला की पेटायचा. आजी म्हणाली, "अगो बाई, हे इथून सांडत होतं होय?" तिच्याइतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. वीस ते अठ्ठावीस म्हणजे आठ डीबी. येणाऱ्या प्रकाशातला सहावा हिस्सा आत पोचत होता, बाकीचा त्या कोपऱ्यात सांडून जात होता. काच तुटलेली नव्हती, म्हणून नेट बंद पडत नव्हतं. लाल लाइट लागत नव्हता. डबा अर्धवट ऐकून पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि वरून दिसताना ते 'स्लो' दिसत होतं. वाकलेल्या काचेतून लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा, घरातून जाणारा १३१० चा, त्यामुळे येणाऱ्यालाच फटका मोठा.

गणपतीचं कोडंही तिथेच सुटलं. त्या पाच दिवसांत आजोबांची खाट माजघरात, मखरासमोर हलवली होती. आरती त्यांना दिसावी म्हणून. ही खोली पाहुण्यांना दिलेली, मुंबईच्या माणसांना उकडतं, खिडकी रात्रभर उघडी.

मी आजीला विचारलं, रोज न चुकता दिवेलागणीलाच का लावता? ती आजोबांकडे बघत म्हणाली, "ह्यांना डास चावला तर हात उचलता येत नाही ना रे. मला सांगताही येत नाही त्यांना, कुठे चावला ते. म्हणून अंधार पडायच्या आत लावते."

आजोबा माझ्याकडे बघत होते. डावा हात खिडकीच्या दिशेने जरासा उचलून काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. नातीला कळलं. ती म्हणाली, "आजोबा विचारतायत, खिडकी आता उघडी ठेवायची का?"

"नाही आजोबा," मी म्हणालो. "खिडकी लावायची. केबल हलवायची."

कौलारू घरात भिंतीच्या माथ्यावर आणि वाशांच्या मध्ये फट असते. शिडी मागवली, नवी कॉर्ड पडवीतून वर चढवली, वाशाच्या कडेने त्या फटीतून आत घेतली, वळणाच्या जागी मोठा गोल ठेवला. तसूभरही भोक पाडावं लागलं नाही. हे दोन वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं. ती जोडणी माझ्याच हातची होती, आणि तसं मी त्यांना सांगितलं. आजी म्हणाली, "तेव्हा अडसर कुठे होता!" पण मला ते पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

अडसर लावला. जोरात, मुद्दाम. मायनस २०.२. नातीची मिटिंग तोवर निम्मी होऊन गेली होती, तिने घाईघाईने कानाला हेडफोन लावला आणि पलीकडच्या कुणाशी तरी बोलायला लागली. मी पिंग बघत उभा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकही पाकीट गळलं नाही. बोलता बोलताच तिने वही ओढली आणि लिहिलं: ७:४०, खिडकी बंद, ९५.

जेवण झाल्याशिवाय आजीने सोडलं नाही. कुळथाचं पिठलं आणि भात. घरी पोचायला साडेनऊ झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी हातात आली तेव्हा तिच्यात 'स्लो'च्या तीन तक्रारी होत्या. गाडी काढण्याआधी तिघांनाही फोन लावले आणि विचारलं, साधारण किती वाजता होतं, आणि तेव्हा घरात काय काय चालू असतं. पहिल्या घरातल्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबा हं, आठवून सांगते."