तुम्ही विचारलंत म्हणून: जेवणानंतरही हॉल रिकामा का होत नाही?

"मॅडम, तुमच्या सीएमईला जेवण झाल्यावरही लोक परत हॉलमध्ये कसे येतात हो?" सीएमई म्हणजे डॉक्टरांचे शिकत राहण्यासाठीचे प्रशिक्षण-कार्यक्रम, आणि ते मी आखते. सांगली-मिरजेतले डॉक्टर हे विचारायचेच, आता ओळखीतले सीए आणि इंजिनिअरही विचारायला लागलेत. काहींच्या आवाजात संशय असतो, की ही बाई जेवणात नक्की काय ठेवते! म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकते.

आमच्याकडे माणसं जमवणं अवघड नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळे कार्यक्रम जाहीर झाला की गर्दी होते. पण नियम माणसाला रजिस्टरवरच्या सहीपर्यंत आणतो, पुढचं त्याच्या हातात नसतं. सही झाली, फाइल-पेन मिळालं, की निम्मी मंडळी पार्किंगमध्ये. मी त्यांना दोष देत नाही. जतहून सकाळी लवकर निघून, दिवसभराची ओपीडी बुडवून आलेल्या माणसाचा पहिला तास दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांच्या दोन पानी परिचयात घालवायचा आणि वर म्हणायचं की लोकांना शिकायची आवड राहिली नाही! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' नाटक उभं केलं ते याच सांगलीत. इथल्या प्रेक्षकाला बसता येत नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

खरं दुखणं कार्यक्रमाच्या आखणीत आहे, आणि ते काही सांगलीपुरतं नाही. १९९९ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या अशा प्रशिक्षणांवरचे अभ्यास एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात फरक पडल्याचं दिसलं नाही. जिथे ऐकणाऱ्यांना स्वतः काही करायला लावलं होतं, तिथे तो पडू शकत होता. तरीही आपण आखणी सुरू करतो ती "वक्ता कोण?" इथून. मी "मंगळवारी ओपीडीत काय अडलं होतं?" इथून सुरू करते. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सर्पदंशाच्या सीएमईचं सांगते.

आमचा जिल्हा नागपंचमीसाठी गाजलेल्या बत्तीस शिराळ्याचा, त्यामुळे नागाबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं. पण दवाखान्यात येतात त्या घोणस, मण्यार आणि फुरसंसुद्धा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. हा आकडा पडद्यावर दाखवला की सगळे हळहळतात आणि मोबाइल काढतात. म्हणून तो आम्ही दाखवलाच नाही. जेवणानंतरच्या सत्रात टेबलावर दोन नळ्या ठेवल्या, एक नवी कोरडी काचेची आणि एक साध्या प्लॅस्टिकची. एका तरुण डॉक्टरनं हौसेनं हात पुढे केला. त्याचं दोन-दोन मिली रक्त दोन्ही नळ्यांत घेतलं आणि पडद्यावर वीस मिनिटांचं घड्याळ लावलं. नळ्यांना हात लावायचा नाही, हलवायच्या नाहीत.

ही साधी बेडसाइड टेस्ट सगळ्यांनी एमबीबीएसला वाचलेली असते. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष रक्तात भिनलंय असं समजायचं. घड्याळ चालू असताना आम्ही एक केस वाचली, नाव-गाव काढून. शेतातल्या वस्तीवर जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखायला लागलं, आता पापण्या मिटतायत, दंशाची खूण कुठेच नाही. या पेशंटचं रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठलं. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, द्यायचं की नाही?

प्रत्येकाच्या हातात दोन कार्डं होती, हिरवं 'द्यायचं' आणि पिवळं 'थांबायचं'. हॉल साधारण अर्धा-अर्धा झाला. उत्तर सांगितलं नाही. "शेजाऱ्याचं कार्ड वेगळं असेल तर त्याला पटवा," एवढंच सांगितलं. मग जो गोंगाट झाला, त्यासाठी मी सगळा खटाटोप करते. इतका वेळ गप्प बसलेल्या ग्रामीण रुग्णालयातल्या एक बाई मागच्या रांगेतून तावातावानं सांगत होत्या, "अहो, मण्यार रक्ताला हातच लावत नाही! ती मज्जातंतूंवर जाते." पुन्हा कार्डं वर झाली तेव्हा पिवळी मोजकीच उरली होती.

ही युक्ती माझी नव्हे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या लक्षात आलं होतं की त्यांचे विद्यार्थी पुस्तकातली गणितं सोडवतात, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नाला अडखळतात. १९९० नंतर त्यांनी वर्गात हीच पद्धत रुळवली: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा मत. ज्याला नुकतंच कळलंय तो शेजाऱ्याला तज्ज्ञापेक्षा बरं समजावतो, कारण आपण कुठे अडलो होतो ते त्याला अजून आठवत असतं. आम्हाला त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातला कार्डपेपर पुरला.

तेवढ्यात घड्याळ वाजलं. काचेच्या नळीतलं रक्त गोठलेलं, प्लॅस्टिकमधलं मात्र वाहतं. रक्त एकाच निरोगी माणसाचं. काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकमुळे तशी होत नाही. साबणानं धुतलेल्या काचेचाही भरवसा नाही. क्षणभर शांतता, मग कुणीतरी म्हणालं, "माझ्याकडे तर सगळ्या प्लॅस्टिकच्याच आहेत." हे वाक्य पन्नास स्लाइड दाखवून निघालं नसतं. काचेच्या नळ्या कुठे मिळतात यावरच पुढची दहा मिनिटं गेली, आणि मी जाऊ दिली.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञांचं काय, असं विचारतात. त्यांना जरूर बोलवावं. पण "स्लाइड कमी करा" असं सांगितलं तर राग येतो आणि स्लाइडही कमी होत नाहीत. मी महिनाभर आधी आमच्या तीन केसेस पाठवते आणि लिहिते, सर, हे पेशंट तुमच्याकडे आले असते तर पहिल्या तासात काय केलं असतं? चांगल्या तज्ज्ञाला केस दिसली की व्याख्यानाचा विसर पडतो.

विषय हंगामाप्रमाणे घ्यावेत. सर्पदंश आणि लेप्टोचा ताप पावसाच्या तोंडावर. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीआधी फवारणीची विषबाधा, कारण पुढे फवारे सुरू झाले की तासगाव-पलूसकडच्या डॉक्टरांना ती लगेच लागते. तेच व्याख्यान मार्चमध्ये ठेवलं तर विसरण्यासाठी सात महिने मिळतात.

आता फीडबॅक फॉर्म. निघता निघता 'उत्कृष्ट'वर टिक मारून घेतात ना, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. दारातला फॉर्म ही पाच मिनिटांनंतरची परीक्षा आहे. त्या वेळी सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. म्हणून मी आठवड्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर तीन प्रश्न पाठवते. पहिले दोन विषयावरचे, तिसरा नेहमी एकच: या आठवड्यात काय बदललंत? "काही नाही" असं उत्तर येतं तेव्हा वाईट वाटतं, पण पुढच्या आखणीला तेच उपयोगी पडतं.

बाकीचं झटपट सांगते. उद्घाटन मी काढून टाकत नाही, ज्येष्ठांचा मान राखलाच पाहिजे. फक्त ते चहाच्या आधी दहा मिनिटांत उरकते, म्हणजे चहाच सगळ्यांना आवरायला लावतो. आणि जेवणाचं रहस्य: श्रीखंड-पुरी नाही. पिठलं-भाकरी, ताक, आणि चारच्या चहाबरोबर भडंग.

इंजिनिअर म्हणाले, आमच्याकडे रक्ताची नळी कुठे असते? गळणारा पंप असेल की! सीएंकडे नाव झाकलेली जीएसटीची नोटीस असेल. ती टेबलावर ठेवा, तज्ज्ञाला नंतर बोलू द्या. माणसं दोनशेच्या वर गेली तर मात्र हे माझ्याच्यानं निभत नाही, शेजाऱ्याशी वादाचा नुसता बाजार होतो. एवढ्या लोकांसाठी मला बोलावायचंच असेल तर दोन गट करा, आणि हॉल असा बघा जिथल्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या नसतील.