निवृत्तिनाथही रडले होते

दादा माझ्यापेक्षा दोन यत्ता पुढे. आपल्या शाळेत धाकट्या भावंडांना स्वतःचं नाव नसायचं. "तू त्याची बहीण ना?" एवढ्या ओळखीवर माझी आठवीपर्यंतची वर्षं निघाली. लेझीम पथकात तो सगळ्यांत पुढे आणि गणिताच्या तासाला सगळ्यांत मागे. दहावीची परीक्षा देऊन मे महिन्यात मामाकडे गेला, भर दुपारी विहिरीत पोहायला उतरला आणि वर आला नाही.

निकाल जूनमध्ये लागला. दादा पहिल्या वर्गात पास झाला होता. गुणपत्रिका आणायला वडील शाळेत आले. शिपाईकाकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ऑफिसात कोणी काही बोललं नाही. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या न बोलण्याबद्दल मी आजही शाळेची ऋणी आहे, कारण घरी येणारे फार बोलायचे. देवाला आवडला. त्याचं तेवढंच आयुष्य होतं. आत्मा काही मरत नाही. आई मान हलवून ऐकून घ्यायची. देवघरात दिवा लावणं मात्र तिने सोडून दिलं. आजी माळकरी, पण तिने आईला एका शब्दानं टोकलं नाही. संध्याकाळी गुपचूप स्वतः दिवा लावायची आणि हरिपाठ म्हणायची, एकटीच. मला त्या आवाजाचाही राग यायचा.

सासवडला जूनमध्ये काय असतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको, पण शाळेची ही स्मरणिका बाहेरगावीही जाईल म्हणून लिहिते. ज्येष्ठातल्या वद्य एकादशीला माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून आपल्या गावात येते आणि दोन रात्री थांबते. शाळा नुकत्या उघडलेल्या असतात. लगेच बाकं व्हरांड्यात रचायची, वर्ग झाडायचे आणि दिंड्यांच्या स्वाधीन करायचे. आपल्याकडे परभणीकडची दिंडी उतरायची. मुलींकडे पाणी वाटण्याचं काम. त्या वर्षी ते मला कोणी सांगितलं नाही, सगळ्यांना संकोच वाटला असणार. पण मराठीच्या बाईंचा निरोप घरी आला, "तिला म्हणावं, नववी ब च्या वर्गात तांब्या-फुलपात्र घेऊन उद्या हजर राहा." बाकी चौकशी नाही.

गेले. एका म्हाताऱ्या वारकऱ्यांना पाणी दिलं. पायांना फडकी बांधलेली. पाणी पिऊन झालं, "माउली" म्हणाले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, लहानमोठा पाहत नाहीत, हे मी जन्मापासून बघत आले होते. पण महिनाभर सगळे माझ्याकडे 'बिचारी' म्हणून बघत असताना हे झालं, त्यामुळे मी तिथेच उभी राहिले. पुढच्या माणसाने फुलपात्र मागितलं तेव्हा भानावर आले.

संध्याकाळी आजीबरोबर पालखीतळावर समाजआरतीला गेले. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते, मग तिचं ऐकून घेतात. नंतर हरवलं-सापडलं पुकारतात. पिशवी, चष्मा, कुठल्या दिंडीतला चुकलेला माणूस. ती यादी संपेपर्यंत मी श्वास धरून उभी होते. का, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सोपानकाकांची, म्हणजे माउलींचे धाकटे भाऊ सोपानदेव यांची, पालखी आपल्या देवळातून निघाली. त्रयोदशीला माउली जेजुरीकडे गेले, गाव रिकामं झालं आणि आम्ही वर्ग धुऊन काढले. त्या आठवड्यात बाईंनी एक तास पुस्तक मिटून ठेवलं आणि नामदेवांचे समाधीचे अभंग वाचले. अभ्यासक्रमात ते नव्हते. आधी त्यांनी फळ्यावर तिथ्या लिहिल्या. ज्ञानदेवांची समाधी आळंदीला, शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेव, आपल्या गावात. पुढच्या वैशाखात तापीकाठी मुक्ताबाई. थोरले निवृत्तिनाथ ज्येष्ठात, त्र्यंबकेश्वरला. आठ महिन्यांत चौघं. फळ्याकडे बघत बाई म्हणाल्या, "थोरल्याने तिन्ही धाकट्यांना पोचवलं, पोरींनो."

मग वाचलं. ज्ञानदेवांच्या समाधीवर शिळा बसवल्यानंतर निवृत्तिनाथ म्हणतात, कितीही समजूत घातली तरी मन ठिकाणावर राहत नाही. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटला आणि पाणी बारा वाटांनी निघालं. पेंढीचा बंध सुटला, गवत रानोमाळ झालं. आईबापांनी आम्हांला टाकलं तेव्हाही असं संकट आलं नव्हतं.

हे म्हणणारा माणूस कोण? ज्ञानदेवांचा गुरू. ज्याच्याकडून ज्ञानदेवांनी सगळं घेतलं तो. आत्मा मरत नाही, हे त्याला आमच्या नातेवाइकांपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक होतं. तरी तो रडला, आणि नामदेवांनी ते झाकलं नाही, अभंगात घालून सातशे वर्षं लोकांच्या तोंडी ठेवलं. बाईंनी यावर एकही वाक्य स्पष्टीकरण केलं नाही. घंटा झाली आणि त्या गेल्या.

सोपानकाकांच्या देवळात आम्ही दादाबरोबर लहानपणापासून शिवणापाणी खेळलो होतो. ती कुणाच्या तरी भावाची जागा आहे, एकोणीस वर्षांच्या मुलाची, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या मनात आलं. तिथे बसून मी मनसोक्त रडले. महिनाभर आईसमोर नको म्हणून दाबलेलं होतं. घरी येऊन आजीशेजारी बसले आणि येतील तशा हरिपाठाच्या ओळी म्हटल्या. चाल आजीची, आवाज माझा बेसूर.

श्रद्धेने दुःख नाहीसं होतं असं कुणी सांगितलं की मला अजून चीड येते. दादाचं जाणं ही देवाची इच्छा होती, हेही मी कधी मानलं नाही. मला मिळालं ते रोजच्या अर्ध्या तासाइतकं साधं होतं. त्या अर्ध्या तासात दादाची आठवण यायला मोकळीक होती आणि बाकीच्या दिवसात मग भूमितीची प्रमेयं पाठ होऊ लागली. आई दसऱ्याच्या सुमारास येऊन बसली. पहिले काही दिवस नुसती टाळ हातात धरून.

पुढे बारामतीला बँकेत लागले, लग्न झालं. मुलं मोठी झाल्यावर आईला घेऊन वारीला गेले. वेळापूरहून भंडीशेगावला जाताना टप्पा म्हणून जागा आहे. सासवडहून वेगळ्या वाटेने निघालेली सोपानकाकांची पालखी तिथे माउलींना भेटते. दोन्ही रथ शेजारी येतात, श्रीफळं दिली-घेतली जातात, गर्दीचा नुसता कल्लोळ. बंधुभेट म्हणतात तिला. आईला दिसावं म्हणून आम्ही तिला एका टेम्पोच्या फाळक्यावर चढवलं. ती रथाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरंय यांचं. दरवर्षी भेटतात." मी हसले, मग दोघी रडलो, आणि मग पंढरपूरकडे चालू लागलो, कारण मागून दिंडी ढकलत होती.

बाई आता नाहीत. त्यांना हे कधी सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

एक विनंतीही आहे. नव्या इमारतीत चकचकीत फरश्या बसवल्या आहेत आणि दिंडीच्या चिखलाने त्या खराब होतील, तेव्हा वर्ग द्यावेत की नाही, अशी चर्चा कानावर आली. जरूर द्यावेत. फरश्या पुसायला आमच्या तुकडीतल्या सात-आठ जणी यायला तयार आहेत, फडकी आणि बादल्या आमच्या आम्ही आणू. आणि पाणी वाटायला नववीच्या मुली नेमताना, त्या वर्षी जिच्या घरी काही झालं असेल तिचं नाव यादीतून गाळू नये.